निवड आणि दफ्तर : घरगुती डीव्हीडीचे एक दशक

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, सनदा आणि मोडी कागद आपल्या डोळ्यांसमोर येतात. घरातल्या कपाटात जुन्या लग्नपत्रिकांच्या शेजारी पडून राहिलेली चंदेरी तबकडी हेही इतिहासाचे साधन आहे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु गेल्या शतकाच्या अखेरीस आणि चालू शतकाच्या आरंभी मध्यमवर्गीय कुटुंबांनी स्वतःविषयी जे काही नोंदवून ठेवले, त्याचा मोठा भाग अशा तबकड्यांवर आहे. घरच्या संगणकावर, घरच्याच माणसाने, घरच्या चित्रफितींची डीव्हीडी तयार करावी, हा उद्योग साधारणतः २००१ पासून पुढे दहा-बारा वर्षे भरात होता. आता तो जवळजवळ संपला आहे. संपलेल्या गोष्टीचा इतिहास लिहिता येतो, आणि त्यापासून थोडेफार शिकताही येते. आम्हांला तो धडा बऱ्याच उशिरा आणि एक मोलाची वस्तू गमावल्यावर मिळाला. म्हणून हा लेखनप्रपंच.

घरगुती चित्रणाचा इतिहास डीव्हीडीच्या पुष्कळ आधी सुरू होतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा खेळ झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी कॅमेरा मागवून १८९९ साली कुस्तीचा एक सामना टिपला आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या स्वदेशी आगमनाचा सोहळा चित्रित केला. चित्रण मुंबईत झाले, तरी फिल्म धुण्यासाठी विलायतेस पाठवावी लागत असे. चित्रण करणारा एक, ते डोळ्यांना दिसेल असे करणारा दुसरा, ही विभागणी पुढे शतकभर टिकली. कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये हौशी मंडळींसाठी सोळा मिलिमीटरची, १९३२ मध्ये आठ मिलिमीटरची आणि १९६५ मध्ये सुपर आठची फिल्म आणली; परंतु फिल्म धुण्याचे काम बहुधा प्रयोगशाळेकडेच राहिले. आपल्याकडे तर हा षौक संस्थानिक, सधन व्यापारी आणि परदेशी राहून आलेले थोडे लोक यांच्यापलीकडे फारसा गेलाच नाही.

या फिल्मचा एक गुण मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. सुपर आठची पन्नास फुटांची एक फिल्म नेहमीच्या वेगाने सुमारे तीन मिनिटे वीस सेकंद चालत असे. तेवढ्यात मुंज बसवायची असेल, तर काय टिपावयाचे याचा विचार कळ दाबण्यापूर्वीच करणे भाग होते. निवड आधी, चित्रण नंतर, असा तो क्रम होता.

व्हिडिओ कॅसेटने हा क्रम मोडला. सोनीची बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ मध्ये आली. आपल्या देशात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरचित्रवाणी रंगीत झाली, आणि त्या दशकात व्हीसीआर घरोघरी नसला तरी गल्लोगल्ली भाड्याने मिळू लागला. लग्नकार्यात छायाचित्रकाराच्या जोडीला ‘व्हिडिओ शूटिंगवाला’ आला. डोळे दिपवणारा दिवा हाती धरलेला त्याचा मदतनीस आणि मंडपभर पसरलेली वायर ज्यांनी ओलांडली आहे, त्यांना वेगळे सांगावयास नको. पुढे हातात मावणारे कॅमेरे आले आणि परदेशातून येणाऱ्या आप्तेष्टांच्या सामानातून ते घरांत शिरले. व्हीएचएसची नेहमीची मोठी कॅसेट तीन तास चाले. तीन तास हाताशी असल्यावर कोण कशाला निवड करील? पंगतीत वाढणारा माणूस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला की कॅमेराही त्याच्यामागे जाई. अशी कॅसेट एकदा सर्वांनी मिळून पाहिली जाई, दुसऱ्यांदा मुलीच्या सासरचे आले म्हणून पाहिली जाई, आणि मग ती कपाटात जाई. कापणे-जोडणे सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हते. दोन व्हीसीआर जोडून एकावरून दुसऱ्यावर उतरवावे, तर प्रत्येक प्रतीगणिक रंग फिके आणि चित्र भुरकट होत जाई.

ही अडचण दूर होण्यास १९९५ पासून आरंभ झाला. त्या वर्षी डीव्ही या नव्या पद्धतीचे कॅमेरे बाजारात आले. त्यांत चित्र अंकांच्या रूपाने फितीवर साठत असे, आणि एका बारीक केबलमधून ते अंक जसेच्या तसे संगणकात उतरवता येत. प्रतीची प्रत काढली तरी काही घटत नसे. दुसरीकडे, १ नोव्हेंबर १९९६ रोजी जपानात डीव्हीडीचे पहिले यंत्र विक्रीस आले. आपल्याकडे १९९३ च्या व्हीसीडीने जम बसवला. तिच्यावर जेमतेम चौऱ्याहत्तर मिनिटे मावत आणि चित्र कॅसेटच्याच तोडीचे दिसे, पण ती स्वस्त होती. डीव्हीडीवरचे चित्र तिच्या कितीतरी पुढचे होते. प्रश्न एवढाच होता की, कोरी तबकडी घेऊन आपल्या घरचे चित्रण तिच्यावर कसे उतरवायचे? १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे काम करणारी यंत्रे आणि सॉफ्टवेअर केवळ व्यावसायिकांनाच परवडत.

९ जानेवारी २००१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांनी डीव्हीडी लिहू शकणारा ड्राइव्ह बसवलेला संगणक आणि त्याच्यासोबत ‘आयडीव्हीडी’ नावाचे सॉफ्टवेअर लोकांसमोर ठेवले. पाच कोऱ्या तबकड्यांचा संच जवळजवळ पन्नास डॉलरला, म्हणजे एक तबकडी दहा डॉलरला, ही किंमत त्या वेळी स्वस्त म्हणून जाहीर झाली. आपल्याकडे मॅक वापरणारे थोडेच. इथल्या घरांत हे काम पोहोचले ते विंडोजवर चालणाऱ्या पिनॅकल स्टुडिओ, युलीड, नीरो, सॉनिक अशा सॉफ्टवेअरमधून. पुष्कळदा तर नव्या ड्राइव्हच्या खोक्यातच एखादे फुकट मिळे. जानेवारी २००७ मध्ये ग्राहकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या काही आवृत्त्यांत ‘विंडोज डीव्हीडी मेकर’ अंगभूतच होते. दरम्यान तबकड्यांमध्येही वजा आणि अधिक अशा दोन परस्परविरोधी जाती निर्माण झाल्या होत्या. चुकीची तबकडी आणली की ड्राइव्ह ती ओळखत नसे. पुढे दोन्ही जाती चालवणारे ड्राइव्ह आले, तेव्हा कुठे दुकानात जाताना चिठ्ठीवर चिन्ह लिहून नेण्याची गरज उरली नाही.

ज्यांनी हे काम केले नाही, त्यांच्यासाठी त्याची रीत थोडक्यात सांगतो. प्रथम कॅमेरा संगणकाला जोडून फीत चालवायची. तासाची फीत उतरण्यास तासच लागे. त्या एका तासाला सुमारे तेरा गिगाबाइट जागा लागे, आणि २००२-०३ च्या सुमारास घरच्या संगणकाची अख्खी हार्ड डिस्क पुष्कळदा चाळीस गिगाबाइटची असे. मग नको ते कापायचे, उरलेले ओळीने लावायचे, एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना पान उलटल्यासारखा किंवा पडदा सरकल्यासारखा देखावा घालायचा. त्याचा सोस आरंभी प्रत्येकालाच असे. मागे सनई लावायची. त्यानंतर ‘मेनू’ तयार करायचा, म्हणजे ग्रंथाची अनुक्रमणिकाच : सीमंतपूजन, लग्न, पंगत, वरात. शेवटी संगणक सर्व चित्रण एमपेग-दोन या पद्धतीने आवळून लहान करी. या कामास रात्र जाई. घरातली मंडळी निजलेली, पंखा घरघरतो आहे, पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते आहे, आणि दिवे जाऊ नयेत म्हणून आपण देवाचे नाव घेतो आहोत, ही रात्र आमच्या पिढीतील पुष्कळांनी अनुभवली असेल. नव्वद टक्क्यांवर काही बिनसले की तबकडी बाद. ती पुढे चहाच्या कपाखाली ठेवण्याच्या कामी येई.

मराठी माणसास आणखी दोन अडचणी होत्या. शीर्षके देवनागरीत द्यावीत, तर अनेक सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटत. ‘कुर्यात् सदा मङ्गलम्’ लिहू जावे तर रफार भलत्यावर चढे. आम्ही शेवटी मजकूर चित्र म्हणून तयार करून मेनूत चिकटवीत असू. दुसरी अडचण परदेशातील नातलगांची. आपल्याकडील पाल पद्धतीची डीव्हीडी अमेरिकेतील कित्येक यंत्रांवर चालत नसे. तिकडच्या मुलांसाठी एनटीएससी पद्धतीची वेगळी प्रत काढावी लागे. असे असूनही या कामात एक निराळेच समाधान होते. सावेदादांच्या काळापासून चाललेली विभागणी येथे मिटली. चित्रण करणारा, ते कापणारा, त्यास शीर्षक देणारा आणि त्याच्या प्रती काढणारा असा एकच गृहस्थ झाला. कुटुंब स्वतःच स्वतःच्या आठवणींचे संपादक आणि प्रकाशक बनले.

आणि संपादन म्हटले की निवड आली. एकपदरी डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात. चांगल्या दर्जाचे चित्र हवे असेल, तर त्यात साधारण तासभराचे चित्रण बसते. पहिल्या आयडीव्हीडीने मर्यादाच साठ मिनिटांची घातली होती. लग्नाच्या पाच-सहा तासांच्या फिती आणि तबकडी एका तासाची! फिल्मच्या युगात निवड चित्रणाच्या आधी होती, कॅसेटच्या युगात ती नव्हतीच. डीव्हीडीच्या युगात ती चित्रणानंतर, मेजाशी बसून, सावकाश होऊ लागली. आमच्या मते या दहा-बारा वर्षांचे खरे वैशिष्ट्य हेच आहे.

येथे आम्हां बडोदेकरांना एका थोर संपादकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या सेवेत आले आणि १९२५ मध्ये निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद निवडून छापण्याचे काम आले, आणि १९३० ते १९३४ या काळात त्या निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. दफ्तरात हजारो रुमाल. त्यांच्या तुलनेत छापलेले कागद म्हणजे ओंजळभर पाणी. निवडीवर टीकाही होऊ शकते, नव्हे व्हावीच. परंतु ती टीका शक्य आहे, कारण निवड झाल्यावरही रुमाल जागच्या जागी राहिले. पुढच्या अभ्यासकास सरदेसायांनी सोडलेला कागद सोडवून वाचता येतो. ज्याला रियासतकारांनी क्षुल्लक मानले असेल, त्यातूनच उद्या कोणी धान्याचे भाव काढील किंवा एखाद्या बाईची तक्रार वाचील.

आम्ही नेमके याच्या उलट वागलो.

२००३ सालच्या वैशाखात आमच्या धाकट्या बहिणीचे लग्न बडोद्यास झाले. आमच्या भाच्याकडे नवा डीव्ही कॅमेरा होता. लग्नाच्या दोन दिवस आधी घाणा भरण्याचा विधी झाला. जात्याशी आजी बसली. वय ब्याऐंशी, आवाज खणखणीत. भाच्याने कॅमेरा तिपाईवर लावला आणि तो चालू ठेवून तो पाहुण्यांना आणण्यास स्टेशनवर निघून गेला. त्यामुळे आजीच्या ओव्या अखंड चाळीस मिनिटे टिपल्या गेल्या. या ओव्यांत ती घराण्यातील बायकांना एकेक करून नावाने कार्याला बोलावीत होती : सासूला, आजेसासूला, बाळंतपणात गेलेल्या जावेला, परगावी दिलेल्या नणंदांना. आमच्या घरी वंशावळ आहे, चांगली पाच-सहा पिढ्यांची. पण तिच्यात, सर्वत्र असते तशी, पुरुषांचीच नावे आहेत. बायकांची नावे फक्त त्या ओव्यांत होती.

पावसाळ्यात आम्ही डीव्हीडी करावयास बसलो. साठ मिनिटांत सर्व बसवायचे होते. चाळीस मिनिटे कॅमेरा हलत नाही, चित्र एकच, आवाजात मागे भांडी वाजताहेत. आम्ही त्यातील चाळीस सेकंद ठेवले आणि त्यांवरही सनई घातली. डीव्हीडी देखणी झाली. तिच्या बारा प्रती नातलगांत वाटल्या, कौतुक झाले. हार्ड डिस्क भरली होती, म्हणून उतरवलेले चित्रण पुसले. फिती महाग होत्या, म्हणून गणपतीत त्याच फितींवर आरास आणि आरत्या टिपल्या. ‘आता डीव्हीडी झाली आहे ना, मग फीत कशाला हवी?’ हे वाक्य त्या दिवशी आम्हीच उच्चारले होते, हे कबूल करणे भाग आहे.

आजी २००६ मध्ये गेली. काही वर्षांनी घरातील एका मुलीने शाळेच्या उपक्रमासाठी वंशावळ मागितली आणि विचारले, “यात पणजीच्या सासूचं नाव काय?” कोणासच सांगता येईना. तेव्हा ओव्यांची आठवण झाली. जुना संगणक माळ्यावरून काढला. त्यावर संपादनाची फाइल होती, ती उघडलीही. परंतु अशा फाइलीत चित्रण नसते, कोणत्या फितीचा कोणता तुकडा कोठून कोठपर्यंत घेतला याची यादी तेवढी असते. ‘घाणा’ या नावापुढे आरंभ आणि शेवटाची वेळ सेकंदापर्यंत लिहिलेली होती, आणि चित्राच्या जागी काळा चौकोन. रुमालांची सूची हाती होती. रुमाल आम्हीच जाळले होते. सरदेसायांचे ४५ खंड छापून झाल्यावर कोणी पेशवे दफ्तर रद्दीत घातले असते, तर त्यास आपण काय म्हटले असते?

दरम्यान डीव्हीडीचे दशकही सरत चालले होते. २३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूबवर पहिली चित्रफीत चढली आणि चित्रण दुसऱ्यास दाखवण्यासाठी तबकडीची गरज कमी होऊ लागली. ॲपलने २०११ पासून नव्या संगणकांसोबत आयडीव्हीडी देणे थांबवले. २०१२ च्या विंडोज आठमध्ये डीव्हीडी मेकर उरले नाही. त्याच सुमारास लॅपटॉपमधून ड्राइव्हच नाहीसे होऊ लागले. २०१६ च्या जुलैत फुनाई या जपानी कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले आणि कॅसेट वाचणाऱ्या नव्या यंत्रांचा झरा आटला. २०१९ पासून मॅकच्या नव्या प्रणालीवर जुने आयडीव्हीडी चालेनासे झाले. म्हणजे तबकडी आहे, पण तिला वाचणारा आणि नव्याने लिहिणारा, दोघेही निघून गेले, अशी स्थिती येऊ घातली आहे.

तबकडीचेही आयुष्य अमर नाही. कारखान्यात छापलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीवर खळगे ठशाने उमटवलेले असतात. घरी बनवलेल्या डीव्हीडीत मात्र एक सेंद्रिय रंगद्रव्य असते आणि लेसरच्या तापाने त्यात खुणा उमटतात. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी ते रंगद्रव्य खराब होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्येच सूचना प्रसिद्ध केल्या होत्या : तबकड्या पुस्तकांप्रमाणे उभ्या, थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवाव्यात, त्यांवर चिकटपट्टीचे लेबल लावू नये. आम्ही लग्नाच्या डीव्हीडीवर वधूवरांच्या छायाचित्राचे सुबक लेबल चिकटवले होते. बारा प्रतींपैकी ज्या परत पाहावयास मिळाल्या, त्यांतील चार आज अडखळतात आणि एक मुळीच उघडत नाही. ज्या चालतात, त्या वितरण झाले म्हणून उरल्या. पोथ्यांचेही असेच आहे. अनेक घरी नकलून गेलेली पोथी वाचते. एकाच घरी जपून ठेवलेली वाळवीच्या तोंडी पडते. डीव्हीडी पद्धती ठरवणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. तबकडीवरील महत्त्वाच्या सूचीची दुसरी प्रत तिच्यावरच जपून ठेवण्याची सोय त्यांनी केली आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी अशा तबकड्या आणि फिती आहेत, त्यांस आमचे सांगणे थोडेच आहे. जुना ड्राइव्ह असलेला संगणक मिळतो आहे तोवर तबकडीवरील ‘व्हिडिओ टीएस’ नावाचे सगळे फोल्डर जसेच्या तसे हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे आणि त्याची एक प्रत दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी, ठेवावी. मूळ फीत सापडली तर ती तबकडीपेक्षा मोलाची मानावी; तिच्यावर असे काही असेल जे तुम्ही तेव्हा कंटाळवाणे म्हणून गाळले होते. आणि कोण, कोठे, केव्हा हे कागदावर लिहून ठेवावे. चित्रातील माणसे ओळखणारी शेवटची व्यक्ती घरात आहे तोवरच हे काम होते.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि दफ्तर अमाप वाढते आहे. पण मेजाशी बसून त्यातील तासभर निवडणारा, त्यास अनुक्रमणिका लावणारा आणि बारा घरी पोहोचवणारा गृहस्थ दिसेनासा झाला आहे. डीव्हीडीच्या दशकाने निवडीची सवय लावली, तिचे ऋण मानले पाहिजे. निवडून उरलेले जपण्याची बुद्धी मात्र आम्हांस झाली नाही. आमच्या वंशावळीत आम्ही आता बायकांची नावे भरीत आहोत. वयोवृद्ध आत्यांना विचारून, जुन्या पत्रांतून शोधून, तेवीस नावे मिळाली आहेत. पणजीच्या सासूच्या नावाची जागा अजून कोरी आहे.